कॅथरिन लॅमन : त्याच खुर्चीवर दुसऱ्यांदा?

टेकडीवरचा
१४ जुलै २०२१

काल दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि सिनेटच्या शिक्षण समितीची सुनावणी लावली. सुनावणी संपली तेव्हा डब्यातली भेंडी तशीच होती.

ज्यांचा या ऑफिसशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्यात 'ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स' आहे, सगळे त्याला ओसीआर म्हणतात. बालवाडीपासून पीएचडीपर्यंत जिथे जिथे फेडरल पैसा पोचतो, तिथे वंश, रंग, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा वय यांवरून कुणाला वेगळं वागवलं तर तक्रार इथे करायची. वकील लागत नाही, फी नाही. फक्त घटनेपासून १८० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. या ऑफिसच्या प्रमुखाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सिनेट मान्य करते.

बायडन यांनी मे महिन्यात कॅथरिन लॅमन यांचं नाव दिलं. बाई ओबामांच्या काळात, २०१३ ते २०१७, याच खुर्चीवर होत्या. तेव्हा सिनेटमध्ये कुणीही विरोध केला नव्हता. या वेळी मात्र खडाजंगी आहे, आणि ती जवळजवळ सगळी एकाच विषयावर : कॉलेजातल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची चौकशी कशी करायची.

२०११ साली ओसीआरने सगळ्या कॉलेजांना १९ पानी पत्र पाठवलं. पुरावा 'पारडं जरासं झुकलं तरी पुरे' या मापाने तोला, दोघांना एकमेकांची उलटतपासणी थेट घेऊ देऊ नका, वगैरे. पत्र लॅमन यांचं नव्हतं, त्यांच्या आधीच्या रसलिन अली यांचं होतं. पण त्याला दात आणले लॅमन यांनी. मे २०१४ मध्ये चौकशी चालू असलेल्या ५५ कॉलेजांची नावं जाहीर केली आणि फेडरल मदत बंद करण्याची धमकी पोकळ नाही, असं जाहीरपणे बजावलं. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस यांनी ते पत्र मागे घेतलं आणि २०२० मध्ये रीतसर नियम आणले : प्रत्यक्ष सुनावणी, सल्लागारामार्फत उलटतपासणी, आरोपी दोषी नाही असं धरून सुरुवात. त्यावर लॅमन यांनी ट्वीट केलं होतं की हे नियम आपल्याला त्या जुन्या दिवसांत नेतात जेव्हा विद्यार्थिनींवर बलात्कार करूनही कुणाचं काही बिघडत नसे. काल सिनेटर कॅसिडी यांनी नेमकं तेच ट्वीट काढलं. बाईंनी शब्द मागे घेतले नाहीत.

मी मध्यपश्चिमेतल्या एका विद्यापीठात विद्यार्थी-शिस्तीच्या विभागात नोकरी करतो. माझ्या कपाटात ट्रेनिंगचे तीन बाइंडर आहेत : निळा २०११चा, पांढरा २०१७चा, लाल २०२०चा. कायदा एकच, शिक्षणात लिंगावरून भेदभाव नको म्हणणारा १९७२चा टायटल नाइन, आणि त्यातलं मुख्य वाक्य इंग्रजीत ३७ शब्दांचं. त्या ३७ शब्दांतला एकही न बदलता माझं काम तीनदा उलटंपालटं झालं. बाई हुशार आहेत, कामाचा उरक दांडगा आहे, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. मला भीती खुर्चीची वाटते. तुम्हाला काय वाटतं?

शून्यप्रहर
१४ जुलै २०२१

पहिला! आधी भेंडीचं काय झालं ते सांगा.

गोगलगाय
१४ जुलै २०२१

विषय काढल्याबद्दल आभार. मी लॅमन यांच्या बाजूची आहे आणि का ते सांगते.

२००९ साली मी इथे मास्टर्स करत होते. आमच्या लॅबमधली एक मुलगी (आपली नव्हे, पण परदेशातूनच आलेली) तक्रार घेऊन गेली. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "त्याच्या करिअरचा विचार केलास का?" पुढे काहीही झालं नाही. म्हणजे अक्षरशः काहीही नाही, कागदसुद्धा तयार झाला नाही. ती सेमिस्टर संपायच्या आत परत गेली. तो अजून त्याच क्षेत्रात आहे, कॉन्फरन्सला दिसतो.

२०११च्या पत्राने सगळ्यांत मोठी गोष्ट काय केली असेल तर कागद तयार करायला लावला. तक्रार आली की नोंद, नोंद झाली की चौकशी. हे आज इतकं साधं वाटतं की आधी नव्हतं हेच लोक विसरलेत. आणि पत्र काढून काही होत नाही, ते पाळलं जातंय की नाही हे बघणारं कुणीतरी खमकं लागतं. ५५ नावं जाहीर झाल्यावर कॉलेजांची जी पळापळ झाली ती नुसत्या पत्राने झाली नव्हती.

हापूस_एडिसन
१४ जुलै २०२१

गोगलगायताई, तुमच्या मैत्रिणीचं झालं ते वाईटच. पण आता माझी बाजू ऐका. माझा मुलगा यंदा दुसऱ्या वर्षाला जाईल. मी त्याला गाडी चालवताना काय काळजी घ्यायची ते सांगितलं, पार्टीत काय काळजी घ्यायची तेही सांगितलं. पण उद्या कुणी आरोप केला तर काय करायचं हे मला सांगता येत नाही, कारण मलाच माहीत नाही.

पर्ड्यू विद्यापीठाची केस वाचा. मुलाला सस्पेंड केलं, नौदलाची स्कॉलरशिप गेली. चौकशीचा अहवाल त्याला बैठकीच्या काही मिनिटं आधी दाखवला, समितीतल्या दोघांनी तो वाचलेलाही नव्हता, आणि मुलीशी समितीचं बोलणंच झालं नाही. २०१९ मध्ये अपील कोर्टाने विद्यापीठाला झापलं, आणि निकाल लिहिला होता एमी कोनी बॅरेट यांनी, ज्या आता सुप्रीम कोर्टात आहेत. ही लॅमनबाईंच्या कारकिर्दीतली पद्धत. पुन्हा तीच आणायची?

वकीलबाई_पुणे
१५ जुलै २०२१

इथून रात्री जागून धागा वाचतेय म्हणून दोन गोष्टी.

एक, पर्ड्यूचा निकाल हा दावा चालू द्यावा की नाही या टप्प्यावरचा आहे. त्या टप्प्यावर कोर्ट वादीने सांगितलेली हकीकत खरी धरून चालतं. त्यामुळे "असं झालं" यापेक्षा "असं झालं असेल तर ते अन्यायाचं आहे" असं वाचावं. फरक बारीक वाटेल, पण आमचं पोट अशाच बारीक फरकांवर चालतं.

दोन, हा वाद अमेरिकेने शोधलेला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हिरानाथ मिश्रा विरुद्ध रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजचे प्राचार्य या केसमध्ये हाच प्रश्न सोडवला होता. मुलांनी रात्री मुलींच्या होस्टेलच्या आवारात शिरून अत्यंत घाणेरडा प्रकार केला. समितीने मुलींचे जबाब मुलांच्या पाठीमागे घेतले, उलटतपासणी दिली नाही, मुलांना काढून टाकलं. मुलं म्हणाली, हा नैसर्गिक न्याय नाही. कोर्ट म्हणालं, नैसर्गिक न्याय म्हणजे सगळीकडे एकाच मापाचा सदरा नव्हे. या मुलींना त्याच आवारात राहायचं आहे, समोरासमोर उभं केलं तर एकही बोलणार नाही.

मी एका कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरची सदस्य आहे. आम्ही मधला रस्ता काढतो : प्रश्न लेखी द्या, अध्यक्ष ते विचारतील. यात मुलाला प्रश्न विचारता येतो आणि मुलीला त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. आदर्श नाही, पण चालतं. डेव्हॉसबाईंच्या नियमातला सल्लागार म्हणजे पैसेवाल्याचा वकील आणि गरिबाचा लायब्ररीतला मित्र. तिथे माझी हरकत आहे.

टेकडीवरचा
१५ जुलै २०२१

वकीलबाई, रांचीची केस माहीत नव्हती. धागा काढल्याचं चीज झालं.

सल्लागाराबद्दल : ज्याच्याकडे नाही त्याला विद्यापीठाने फुकट द्यायचा असं नियमात आहे. पण तो वकीलच असला पाहिजे असं नाही. आमच्याकडे ते काम करणाऱ्यांत मी स्वतः दोनदा होतो. माझं शिक्षण शिक्षणशास्त्रातलं. समोर तासावर पैसे घेणारा वकील. तुम्हीच कल्पना करा.

@हापूस, तुमची काळजी खोटी नाही. लॅमन यांच्याच कारकिर्दीत, २०१४च्या ऑक्टोबरात, हार्वर्डच्या २८ कायदा प्राध्यापकांनी बॉस्टन ग्लोबमध्ये पत्र लिहिलं होतं की नव्या पद्धतीत आरोपीला बाजू मांडायला जागाच नाही. सह्या करणाऱ्यांत स्त्रीवादी म्हणून आयुष्य घालवलेल्या बायका होत्या. त्यामुळे हा 'मुलगेवाले विरुद्ध मुलीवाले' असा सामना नाही.

रमेश_ओहायो
१५ जुलै २०२१

सगळे टायटल नाइनवरच अडकलेत. आपल्या मुलांना रोज भिडणारा विषय वेगळा आहे : ॲडमिशन. २०१५ मध्ये ६४ आशियाई-अमेरिकी संघटनांनी हार्वर्डविरुद्ध ओसीआरकडे तक्रार केली. दोन महिन्यांत फाइल बंद. खुर्चीवर कोण होतं? लॅमन. आमच्या पोरांचे सिव्हिल राइट्स हे सिव्हिल राइट्स नाहीत का?

बोस्टनकर
१५ जुलै २०२१

रमेशराव, अर्धीच गोष्ट सांगताय. त्याच मुद्द्यावर नोव्हेंबर २०१४ पासून फेडरल कोर्टात दावा चालू होता, म्हणून ओसीआरने फाइल बंद केली. तोच मुद्दा कोर्टात असेल तर ओसीआर हात घालत नाही, ही त्यांची जुनी रीत आहे. गुणवत्तेवर निकाल दिलेलाच नाही.

आणि आशियाई मुलांबद्दल ओसीआरने हार्वर्डची चौकशी केली होती, १९८८ ते ९०. निष्कर्ष काय निघाला? आशियाई मुलांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी पडतं, पण त्याचं कारण वंश नाही, माजी विद्यार्थ्यांची मुलं आणि खेळाडू यांना मिळणारं झुकतं माप आहे. आणि ते माप बेकायदा नाही! म्हणजे बापजाद्यांच्या पुण्याईवर सीट मिळते हे सरकारी कागदावर आलं आणि सगळे घरी गेले. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये थोरले बुश होते. राग काढायचा तर त्या झुकत्या मापावर काढा.

रमेश_ओहायो
१५ जुलै २०२१

झुकत्या मापावर राग आहेच. पण एक झुकतं माप दुसऱ्याला माफ करत नाही. आणि हार्वर्डची केस आता सुप्रीम कोर्टाच्या दारात आहे, गेल्या महिन्यात कोर्टाने बायडन सरकारचं मत मागवलंय. ओसीआर त्या वेळी कुणाच्या बाजूने उभं राहील हे सांगायला ज्योतिषी नको. तिकडे महाराष्ट्रात जे चाललंय तेच इकडे…

शून्यप्रहर
१५ जुलै २०२१

घ्या, आलं आरक्षण. पन्नास प्रतिसादांच्या आत आलं, नेहमीपेक्षा लवकर.

हापूस_एडिसन
१६ जुलै २०२१

मराठा आरक्षण रद्द झालं मे महिन्यात, त्याचा इथे काय संबंध? उगाच…

व्यवस्थापक
१६ जुलै २०२१

आरक्षणावरचे ११ प्रतिसाद हलवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत, आणि तेही कमी नाहीत. या धाग्याचा काश्मीर करू नये.

खडीसाखर
१७ जुलै २०२१

मी सहसा नुसती वाचते. पण चार दिवस वाचून राहवलं नाही.

ओसीआरकडे बहुतेक वर्षी सर्वांत मोठा गठ्ठा अपंगत्वाच्या तक्रारींचा असतो. सुनावणीच्या बातम्यांत त्याबद्दल चार ओळी नाहीत. इथेही नाहीत.

माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. (हो, मराठी घरात. सासूबाईंनी आयुष्यभर प्रत्येक भाजीत दाण्याचं कूट घातलं, आता माझ्या घरात ते कुलूपबंद डब्यातसुद्धा नाही. साबुदाण्याच्या खिचडीत आम्ही काजू घालतो आणि ती चांगली लागते असं एकमेकांना सांगतो.) तो पहिलीत असताना शाळेने सहलीला न्यायला नकार दिला, "आई सोबत आली तरच." मी नोकरी करते. सोबतच्या कुठल्या आईला असं सांगितलं नव्हतं. मग शेजारच्या बाईने '५०४' हा शब्द शिकवला. १९७३च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४. त्याखाली लेखी योजना करून घ्यायची : एपिपेन (ॲलर्जीचं इंजेक्शन) कुठे असेल, कोण टोचेल, डबा कुठे बसून खाईल, सहलीत कोण बघेल. शाळेने आधी "ॲलर्जी म्हणजे काही अपंगत्व नव्हे" असं ऐकवलं. मी ओसीआरच्या साइटवरचा फॉर्म छापून मीटिंगला नेला, फक्त टेबलावर ठेवला. योजना त्याच आठवड्यात झाली. तक्रार करावीच लागली नाही.

म्हणून मला लॅमन असोत की आणखी कुणी, एकच विचारायचंय : तो फॉर्म टेबलावर ठेवल्यावर शाळा यापुढेही घाबरेल का?

गोगलगाय
१७ जुलै २०२१

खडीसाखर, _/\_

काजूची खिचडी मी केली आहे. चांगली लागत नाही.

शाळामास्तर_डॅलस
१७ जुलै २०२१

मी पब्लिक शाळेत आठवीला गणित शिकवतो, पंधरा वर्षं झाली. खडीसाखरताईंचा मुद्दा बरोबर, आम्ही घाबरतो. पण घाबरण्याची दुसरी बाजूही असते.

जानेवारी २०१४ मध्ये लॅमन यांच्या आणि न्याय खात्याच्या सहीने शिस्तीबद्दलचं पत्र आलं. नियम सगळ्यांना सारखा असला, तरी त्याचा फटका एका वंशाच्या मुलांना जास्त बसत असेल तर ओसीआर चौकशी करू शकेल. आकडे खरेच लाज वाटावी असे आहेत. सरकारी लेखापरीक्षकांनी २०१३-१४ सालचे काढले होते : पब्लिक शाळांत काळी मुलं १५.५ टक्के, सस्पेंड झालेल्यांत सुमारे ३९ टक्के. मी वर्गात उभा असतो, मला हे खोटं वाटत नाही. त्याच खोडीला एकाला "खट्याळ" म्हणतात आणि दुसऱ्याला "धोकादायक".

पण वर पत्र पोचल्यावर खाली काय झालं? माझ्या शाळेतल्या साहेबांनी सांगितलं, सस्पेन्शनचा आकडा खाली आणा. झालं. मुलांशी बोलायला समुपदेशक दिला नाही, वर्गातली संख्या कमी केली नाही, फक्त फॉर्म भरणं बंद. भांडणं तेवढीच होती. २०१८च्या डिसेंबरात ते पत्र डेव्हॉस यांनी मागे घेतलं, तर साहेब पुन्हा आधीसारखे. त्यांना मुलांचं काही पडलेलं नव्हतं, आधीही आणि नंतरही.

टेकडीवरचा
१८ जुलै २०२१

मास्तर, अगदी हेच. २०११चं पत्र लिहिताना कुणाला विचारलं नव्हतं; एका सहीने आलं, एका सहीने गेलं. डेव्हॉस यांचा मसुदा मला पटत नाही, पण त्यांनी तो २०१८ मध्ये जाहीर केला, त्यावर १,२४,००० च्या वर हरकती-सूचना आल्या, उत्तरं देत देत नियम झाला तो २,०३३ पानांचा. (मी पूर्ण वाचलेला नाही. वाचलाय म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.) आता तो काढायचा तर तेवढाच घाट पुन्हा घालावा लागेल. बायडन सरकारने जूनमध्ये पाच दिवस जनसुनावणी घेतली ती त्याचीच सुरुवात. हे वेळखाऊ आहे, पण एका माणसाच्या मर्जीपेक्षा बरं.

गोगलगाय
१८ जुलै २०२१

इथे मी असहमत. वेळखाऊ रस्ता नेहमी ज्याचं बस्तान बसलंय त्याच्या सोयीचा असतो. २००९च्या त्या मुलीला "थांब, १,२४,००० सूचना वाचून होऊ देत" असं सांगायचं का?

आणि मर्जी म्हणाल तर, टायटल नाइनखाली आजपर्यंत एकाही कॉलेजची फेडरल मदत बंद झालेली नाही. १९७२ पासून! मग एवढी कसली दहशत? कॉलेजांनी वकिलांच्या सल्ल्याने स्वतःच्या बचावासाठी वाटेल ते नियम केले आणि नाव लॅमन यांचं खराब झालं.

हापूस_एडिसन
१८ जुलै २०२१

मदत बंद झाली नाही म्हणून दहशत नाही? इन्कम टॅक्सवाले रोज धाड घालत नाहीत, म्हणून काय आपण त्यांना घाबरत नाही?

शून्यप्रहर
१८ जुलै २०२१

हापूसकाका फॉर्मात. हलकं घ्या.

निळी_पाटी
१९ जुलै २०२१

एक प्रश्न विचारतो, कुणाच्या शेपटीवर पाय द्यायचा हेतू नाही. इथे आपल्या मुलांवरच्या भेदभावाबद्दल सगळे बोलताहेत. आपल्यातल्या आपल्यात होतो त्याचं काय? मी पदव्युत्तरला असताना महाराष्ट्राच्याच मुलांनी अपार्टमेंट शेअर करताना आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे नक्की कुठले?" मी सांगितल्यावर खोली भरली होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याला मिळाली.

टायटल सिक्स, म्हणजे १९६४चा कायदा, वंश, रंग, मूळ देश म्हणतो. जात म्हणत नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या धोरणात जात घातली. पण तो एका विद्यापीठाचा निर्णय. ओसीआरकडे मी गेलो असतो तर कुठल्या रकान्यात खूण केली असती?

बोस्टनकर
१९ जुलै २०२१

निळी_पाटी, प्रश्न योग्य आहे, आणि तो इतक्या उशिरा आला याची धाग्याला लाज वाटायला हवी. कायद्याच्या दृष्टीने लोक एक वाट सुचवतात : 'मूळ देश' या शब्दांत वंशपरंपराही येते असं ओसीआर बऱ्याच वर्षांपासून मानतं, ज्यू आणि शीख विद्यार्थ्यांच्या बाबतीत २००४ मध्ये त्यांनीच तसं लिहिलं. तोच धागा जातीपर्यंत ओढता येईल. पण ओढायचा की नाही हे पुन्हा खुर्चीवर कोण आहे त्यावर.

वकीलबाई_पुणे
१९ जुलै २०२१

अमेरिकेला रकाना नाही, आपल्याकडे रकाना आहे पण टेबलामागे कुणी नाही. यूजीसीने २०१२ मध्ये समतेचे नियम केले : समान संधी कक्ष, भेदभावविरोधी अधिकारी. बहुतेक कॉलेजांत तो अधिकारी म्हणजे आधीच चार जबाबदाऱ्या असलेले एखादे प्राध्यापक. रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या आयांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती हे नियम अंमलात आणा म्हणूनच. तिकडे १८० दिवसांचा हिशेब मांडता येतो, तेवढं तरी आहे.

रमेश_ओहायो
१९ जुलै २०२१

@निळी_पाटी, वाईट वाटलं वाचून. खरंच.

टेकडीवरचा
४ ऑगस्ट २०२१

धागा वर काढतो. दोन बातम्या आहेत.

२८ जुलैला मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टाने डेव्हॉस यांच्या नियमातला एक तुकडा रद्द केला. जो उलटतपासणीला हजर राहणार नाही त्याचा जबाब विचारातच घ्यायचा नाही, असा तो तुकडा. म्हणजे मुलाने घरी बसायचं ठरवलं तर त्याने स्वतः पाठवलेला कबुलीचा मेसेजही बाद! बाकी नियम कायम.

आणि काल समितीत लॅमन यांच्या नावावर मतदान झालं : ११ विरुद्ध ११. बरोबरी. आता अख्ख्या सभागृहाने मतदान करून नाव समितीतून बाहेर काढावं लागेल, मग चर्चा, मग मुख्य मतदान. सुट्टी आहे, त्यामुळे शरद ऋतूपर्यंत काही नाही.

खडीसाखर
४ ऑगस्ट २०२१

तोवर ऑफिस कोण बघतंय?

टेकडीवरचा
४ ऑगस्ट २०२१

सुझन गोल्डबर्ग, हंगामी. नियमित तक्रारींचं काम प्रादेशिक कार्यालयांतून चालतं, अशी १२ आहेत. तिथले वकील कुठलाही पक्ष आला तरी तेच असतात. आकडा ऐकायचा असेल तर, २०१६च्या आर्थिक वर्षात १६,७२० तक्रारी आल्या होत्या. त्यात सहा हजारांवर एकाच व्यक्तीच्या, शाळांमधल्या खेळांच्या संधीबद्दल.

शून्यप्रहर
४ ऑगस्ट २०२१

एका माणसाच्या सहा हजार? आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकांना हे कळता कामा नये.

शाळामास्तर_डॅलस
५ ऑगस्ट २०२१

खडीसाखरताई, तुम्हाला आणि इतरांना एक अवांतर पण उपयोगी. मुलाचं नाव शाळेत घालताना 'घरी कोणती भाषा बोलता' असा फॉर्म असतो. त्यात मराठी लिहिलं की इंग्रजीची चाचणी होते आणि कधीकधी मुलाला ईएसएलच्या (इंग्रजी नवीन असलेल्यांच्या) तासाला पाठवतात. आपले बरेच लोक म्हणून सरळ 'इंग्लिश' लिहितात. लिहू नका हो. चाचणी होऊ दे, पास होईल. आणि नाही झाला तर मदत मिळणं हा त्याचा हक्क आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांनी १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टातून मिळवलेला, लाउ विरुद्ध निकल्स. शिवाय घरच्या भाषेसमोर काट मारून सुरुवात करायची आणि मग रविवारी मराठी शाळेत गाडी दामटत न्यायचं, हे मला कळत नाही.

हापूस_एडिसन
५ ऑगस्ट २०२१

'इंग्लिश' लिहिलं होतं. मान्य.

गोगलगाय
२१ ऑक्टोबर २०२१

काल झालं! ५०-५०, आणि उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांनी येऊन निर्णायक मत दिलं. ५१-५०. लॅमन पुन्हा खुर्चीवर.

रमेश_ओहायो
२१ ऑक्टोबर २०२१

२०१३ ला बिनविरोध, २०२१ ला एका मताने. बाई त्याच. मी मत बदललेलं नाही, पण अभिनंदन करायला काय हरकत आहे.

हापूस_एडिसन
२१ ऑक्टोबर २०२१

पोराशी बोललो. वकीलबाईंचा रांचीचा किस्सा सांगितला. म्हणाला, "बाबा, आम्हाला ओरिएंटेशनमध्ये तुमच्यापेक्षा जास्त सांगतात." असो.

@टेकडीवरचा, आता पुढे काय? लाल बाइंडर फेकणार?

टेकडीवरचा
२१ ऑक्टोबर २०२१

नाही. नवीन नियम येईपर्यंत लालच चालू. तो कोर्टाने रद्द केलेला तुकडा आहे ना, त्या पानावर मी पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे.

निळा टाकायला निघालो होतो, पण साहेब म्हणाले राहू दे.

काजूची_खिचडी
२२ ऑक्टोबर २०२१

नवीन आयडी आहे, नाव या धाग्यावरूनच घेतलं. खडीसाखरताई, माझ्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. जिम्नॅस्टिक्सच्या आफ्टरस्कूल वर्गातून शाळेने काढलं, कारण नर्स तीनला घरी जाते. हे ५०४ मध्ये येतं का?

खडीसाखर
२२ ऑक्टोबर २०२१

येतं. शाळेचा वर्ग असेल तर शाळेनंतरच्या उपक्रमांनाही लागू आहे. फोनवर बोलू नका, लेखी मागा, ईमेल चालेल. काढलं ती तारीख कोणती?

काजूची_खिचडी
२२ ऑक्टोबर २०२१

सप्टेंबरची १३.

खडीसाखर
२२ ऑक्टोबर २०२१

मग १२ मार्चपर्यंत वेळ आहे, पण तेवढी वाट बघू नका. फॉर्म आजच छापा. तुमच्या विचारपुशीत निरोप टाकते.